सी ६३ एएमजीचं एम१५६ इंजिन: घेण्याआधी काय तपासायचं, उघडल्यावर काय बदलायचं

डब्ल्यू२०४ पिढीची मर्सिडीज सी ६३ एएमजी जुन्या गाड्यांच्या बाजारात दिसली की दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, असं इंजिन पुन्हा होणार नाही. दुसरा म्हणतो, हात लावू नका, हेड बोल्ट (सिलिंडर हेड ब्लॉकला घट्ट धरणारे बोल्ट) तुटतात. दोघंही खरं बोलतात. या इंजिनाचे दोष मोजके आहेत, त्यांची कारणं माहीत आहेत आणि ते जवळजवळ सगळे, पैसे मोजण्याआधीच पकडता येतात. मात्र तपासणी ठरावीक क्रमाने करावी लागते, आणि ती थंड इंजिनापासूनच सुरू व्हायला हवी.

आधी इंजिनाची ओळख

एम१५६ हे मर्सिडीजच्या वेगवान गाड्यांच्या शाखेने, म्हणजे एएमजीने, पायापासून स्वतः रचलेलं पहिलं इंजिन. त्याआधीची एएमजी इंजिनं मर्सिडीजच्या मूळ इंजिनांवर संस्कार करून तयार व्हायची. २००६ पासून ते सीएलके, एमएल, ई, सीएलएस, एस, एसएल अशा अनेक गाड्यांत आलं आणि नंतर सी-क्लासमध्ये बसलं. गाडीच्या पाठीवर ६३ लिहिलेलं असलं तरी घनफळ ६२०८ सीसी आहे. तो आकडा जुन्या ३०० एसईएल ६.३ च्या आठवणीसाठी ठेवलेला आहे.

९० अंशांचं व्ही८, बोअर १०२.२ मिमी, स्ट्रोक ९४.६ मिमी, कॉम्प्रेशन ११.३ ला १. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. सी ६३ मध्ये ४५७ पीएस (अश्वशक्ती) ६८०० आरपीएमला आणि ६०० न्यूटन-मीटर ५००० आरपीएमला मिळतात. इंजिन ७२०० पर्यंत फिरतं. ई ६३ मध्ये हेच इंजिन ५१४ पीएस देतं, एस ६३ मध्ये ५२५. सी ६३ च्या परफॉर्मन्स पॅकेज प्लसमध्ये ४८७ आणि शेवटच्या ५०७ एडिशनमध्ये नावाप्रमाणे ५०७ पीएस आहेत. या दोन्हींत एएमजीच्याच एसएलएस स्पोर्ट्सकारचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि ३ किलोने हलका क्रँकशाफ्ट आहे. त्यामुळे किंमत सारखी असेल तर कोणती गाडी घ्यावी हा प्रश्नच उरत नाही.

ब्लॉक ॲल्युमिनियमचा, क्लोज्ड-डेक (सिलिंडरभोवतीचा वरचा भाग बंद). सिलिंडरच्या भिंतींना ओतीव लोखंडी लायनर नाहीत. विजेच्या आर्कमध्ये तार वितळवून तिचा पातळ थर आतून फवारलेला आहे. हा थर कठीण आणि कमी घर्षणाचा असतो, पण जुन्या पद्धतीने बोअर मारून मोठा पिस्टन टाकायची सोय त्यात नाही. सिलिंडरला खोल ओरखडा गेला की साधं रीबोअरिंग विसरायचं. पाणी किंवा धूळ आत जाऊ न देण्यावर पुढे एवढा भर दिला आहे, तो यासाठीच.

पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये फवारलं जातं, थेट सिलिंडरमध्ये नाही. याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. व्हॉल्व्हवर कार्बनचे थर साचण्याचा त्रास इथे जवळपास नाही. आणि विक्रेता टिकटिकीला ‘इंजेक्टरचा आवाज आहे, या गाड्यांना असतोच’ म्हणाला, तर ते मान्य करू नका. तो कडक टकटकाट डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांचा. एम१५६ टकटक करत असेल तर कान टॅपेटकडे, म्हणजे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या छोट्या वाट्यांकडे वळवा.

पहिली पायरी: कागद आणि इंजिन नंबर

गाडी पाहायला जाण्याआधी चॅसी नंबर मागून घ्या आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून त्यावरचा इंजिन नंबर काढा. सी ६३ चा इंजिन नंबर १५६९८५ ने सुरू होतो. त्यानंतर ६० येतं आणि शेवटी सहा आकडी अनुक्रमांक असतो. तो अनुक्रमांक ०६०६५८ च्या आधीचा असेल तर कारखान्यातून जुने हेड बोल्ट बसून आले आहेत. त्या आकड्यापासून पुढे सुधारित बोल्ट आहेत. गाडीच्या नोंदणीच्या वर्षावरून हे ठरवू नका. इंजिन तयार होणं, गाडी तयार होणं आणि नोंदणी होणं यांत बरेच महिने जाऊ शकतात, आणि नेमक्या सीमेवरच्या गाड्यांतच घोळ होतो.

‘हेड बोल्ट बदललेत’ हे तोंडी वाक्य धरू नका. बिल मागा. बिलावर वीस बोल्ट दिसले पाहिजेत, दर हेडला दहा. सोबत व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट आणि कुलंट नसेल तर प्रश्न विचारा, कारण कव्हर आणि कॅमशाफ्ट काढल्याशिवाय त्या बोल्टपर्यंत पोहोचताच येत नाही. टॅपेट बदलले असतील तर संख्या बत्तीस हवी, दर व्हॉल्व्हला एक. चार-सहा टॅपेट बदलल्याचं बिल म्हणजे आवाज दाबून गाडी विकायला काढली, असं समजायला हरकत नाही.

दुसरी पायरी: थंड इंजिन

आदल्या रात्रीपासून गाडी सुरू केलेली नसावी ही अट फोनवरच घाला. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी या. या एका मुद्द्यावर तडजोड केलीत तर पुढची निम्मी तपासणी वाया जाते.

सुरू करण्याआधी कुलंटच्या टाकीचं झाकण उघडा. पातळी खुणेवर हवी, वर तेलाचा तवंग नको. रात्रभर उभ्या गाडीच्या टाकीत झाकण उघडताच फुस्स करून दाब सुटला तर सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये शिरतो आहे अशी शंका घ्या. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का पाहा. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत झाकणापुरती थोडी साय हवेतल्या दमटपणानेही येते. पण डिपस्टिकवरही तोच रंग असेल तर तिथेच थांबा आणि स्टार्टर फिरवू देऊ नका.

आता सुरू करायला सांगा आणि बोनेटजवळ उभे राहा. ऐकण्याचे आवाज तीन.

पहिल्या एक-दोन सेकंदांत इंजिनाच्या पुढच्या बाजूने खरखर, मग शांत: कॅमशाफ्ट ॲडजस्टर (कॅमशाफ्टची वेळ पुढेमागे करणारा भाग). त्याच्या आतली कुलूप-पिन झिजली की तेलाचा दाब येईपर्यंत तो मोकळा हेलकावतो. चार ॲडजस्टर आहेत, आवाज एकाचाही असू शकतो. आज गाडी चालते, पण किंमत ठरवताना हा खर्च धरायचाच.

बारीक, नियमित टिकटिक, तेल वर चढूनही अर्ध्या मिनिटात न थांबणारी: टॅपेट. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला ७०० आरपीएम असेल तर एका टॅपेटची टिक मिनिटाला ३५०, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा वेळा पडते. वेग याच्या दुप्पट वाटला तर शंका क्रँककडे किंवा पुलीकडे न्या. मिस्त्रीच्या स्टेथोस्कोपने दोन्ही कव्हरवर पुढून मागे सरकत ऐका, म्हणजे बाजू आणि सिलिंडर दोन्ही सापडतात. मर्सिडीजच्या मोजणीत गाडीच्या प्रवासाच्या दिशेने उजव्या हाताला पुढून मागे १ ते ४, डाव्या हाताला ५ ते ८.

तिसरा आवाज म्हणजे पहिल्या काही सेकंदांतला मिसफायर आणि मागे गोडसर वासाचा पांढरा धूर. रात्रीतून एखाद्या सिलिंडरमध्ये कुलंट झिरपलं आहे. हेड बोल्टचं हे सर्वांत धोकादायक लक्षण. अजून जास्त झिरपलं तर पिस्टनवर पाणी अडतं, ते दाबलं जात नाही, आणि रॉड वाकतो.

बोल्ट का तुटतात

जुन्या बोल्टचं डोकं ताणाखाली आणि गंजामुळे तडकतं आणि एखाद्या दिवशी सुटून येतं. गाडी जोरात चालवल्यामुळेच हे होतं असं नाही. सौम्य चालवलेल्या, नीट सर्व्हिस झालेल्या गाड्यांतही झालं आहे, म्हणून ‘एका डॉक्टरची गाडी, कधी पळवलीच नाही’ हे इथे संरक्षण नव्हे. एक बोल्ट गेला की त्या भागात हेडची पकड सैल होते, गॅस्केटची कड उघडते आणि कुलंट सर्वांत सोप्या वाटेने निघतं. बाहेर निघालं तर डाग दिसतो. सिलिंडरमध्ये निघालं तर इंजिन जातं.

तिसरी पायरी: मोजमाप

इथवर गाडी टिकली तर ती तुमच्या माहितीच्या, मर्सिडीजचं निदान यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये न्या. अर्ध्या दिवसाचे पैसे मोजा. या किमतीच्या इंजिनासाठी ती रक्कम किरकोळ आहे.

कुलंट यंत्रणेला टाकीच्या झाकणावर छापलेल्या दाबाइतका हातपंपाने दाब द्या आणि तासभर ठेवा. काटा खाली आला आणि बाहेर कुठेच थेंब नसेल, तर पाणी आत चाललं आहे. मग आठही स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडा. एखादा प्लग बाकीच्यांपेक्षा संशयास्पद स्वच्छ दिसेल तर त्याच सिलिंडरमध्ये आधी बोरस्कोप (नळीवरचा छोटा कॅमेरा) घाला. ज्या पिस्टनच्या डोक्यावरचा काळा थर वाफेने धुऊन धातू चकचकीत झाला आहे, तिथे कुलंट येतंय. त्याच वेळी सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का पाहा.

प्लग बाहेर असतानाच लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमधून किती हवा गळते ते मोजणं) करा. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि सिलिंडरमध्ये हवा. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. २० च्या वर गेली तर ती कुठून निघते ते ऐका: इनटेकमधून, सायलेन्सरमधून, तेलाच्या तोंडातून की कुलंटच्या टाकीत बुडबुडे येतात. एका आकड्यापेक्षा आठ सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो.

निदान यंत्रावर कॅम आणि क्रँकच्या मेळाचे जुने कोड, सिलिंडरवार मिसफायरची मोजणी आणि दोन्ही थ्रॉटलचे दोष पाहा. सगळे कोड नुकतेच पुसलेले आढळले तर गाडी ५०-१०० किमी चालवून पुन्हा जोडा.

शेवटी कॅमशाफ्ट. तेलाच्या झाकणाच्या तोंडातून बोरस्कोप सरकवला की निदान काही लोब (कॅमशाफ्टवरचे व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे) दिसतात. लोबचं टोक आरशासारखं सलग असावं. त्यावर धूसर पट्टा, खळगे किंवा नखाला अडणारी कड दिसली तर वरचा कठीण थर गेला आहे. एक लोब चांगला निघाला म्हणून बाकी सगळे चांगले असं मात्र मानू नका. विक्रेता तयार असेल तर निदान एक कव्हर उघडून घेणं हा सर्वांत प्रामाणिक पुरावा. ही झीज सुधारित बोल्ट असलेल्या उशिराच्या इंजिनांतही होते, त्यामुळे इंजिन नंबर चांगला निघाला म्हणून ही पायरी गाळू नये.

तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता आला तर लोह, ॲल्युमिनियम, सोडियम, पोटॅशियम आणि सिलिकॉन बघा. लोह चढलेलं असेल तर कॅम-टॅपेट, सोडियम-पोटॅशियम असेल तर कुलंट, सिलिकॉन असेल तर एअर फिल्टरमधून धूळ. नमुना निदान ४-५ हजार किमी चाललेल्या तेलाचा हवा. कालच बदललेल्या तेलाचा अहवाल निर्मळच येणार. जुना ऑइल फिल्टर मिळाला तर त्याचा कागद कापून उन्हात पसरा आणि चुंबक फिरवा. चिकटणारा चुरा पोलादाचा.

इंजिन उघडायचं ठरलं तर

जुने बोल्ट असतील आणि गळती अजून नसेल, तर हेड न उचलता एकेक बोल्ट बदलण्याची पद्धत रूढ आहे. एका वेळी एकच बोल्ट सोडायचा, नवा बसवायचा, पूर्ण कसायचा, मग पुढचा. नऊ बोल्टांनी हेड धरलेलं असतं, म्हणून गॅस्केटची बैठक हलत नाही. पण गळती सिद्ध झाली असेल किंवा एक जरी बोल्ट तुटलेला निघाला, तर ही वाट बंद. हेड उतरवा, सपाटपणा तपासा, नवं गॅस्केट घाला.

काम पूर्ण थंड इंजिनावर करा. कुलंट काढा. क्रँक ठरलेल्या खुणेवर आणून कॅमशाफ्ट योग्य लॉकिंग हत्यारांनी धरा, साखळीवर खुणा करा, मगच ॲडजस्टर आणि कॅमशाफ्ट काढा. टॅपेट बाहेर काढताना आठ-आठच्या खणांच्या डब्यात जागेनुसार ठेवा. चालू टॅपेट दुसऱ्या जागी गेला तर आधीची झिजलेली जोडी मोडून नवी झीज सुरू होते.

सर्वांत जास्त चुका बोल्टच्या भोकात होतात. जुना बोल्ट काढल्यावर तळाशी तेल किंवा कुलंट उरतं. त्यावर नवा बोल्ट कसला तर द्रव दबत नाही. टॉर्क रेंचला वाटतं बोल्ट घट्ट झाला, प्रत्यक्षात हेडवर पकड आलेलीच नसते, आणि वाईट झालं तर ब्लॉकच तडकतो. प्रत्येक भोक बारीक नळीने शोषून घ्या, हवा मारा, पुसलेली काडी कोरडी येईपर्यंत थांबा. नवा बोल्ट कंपनीच्या सूचनेनुसार ठरलेल्या टॉर्कने आणि नंतर ठरलेल्या अंशांनी फिरवायचा. अंश मोजायला गेज वापरा, अंदाज नको. इम्पॅक्ट गन कसताना हातातही घेऊ नका. हे बोल्ट ताणून बसतात, त्यामुळे एकदा काढलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो.

कव्हर उघडं आहे तोवर बत्तीस टॅपेट सुधारित भागांचे टाका. गाडी टिकटिकत नसली तरीही. पुन्हा एवढं काम उघडण्याची मजुरी टॅपेटच्या किमतीशी तोलून पाहा, उत्तर लगेच मिळतं. झिजलेल्या कॅमशाफ्टवर नवे टॅपेट मात्र बसवू नका, खडबडीत लोब त्यांनाही थोड्या दिवसांत खाऊन टाकतो. खरखरणारे ॲडजस्टर, कव्हरचे गॅस्केट, कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचे बुचासारखे प्लग आणि कॅम मॅग्नेटचे सील याच फेरीत नवे. मागच्या प्लगमधून गळणारं तेल एक्झॉस्टवर पडतं आणि सिग्नलला थांबल्यावर जळका वास केबिनमध्ये येतो.

जोडताना लोबवर असेंब्ली पेस्ट लावा. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का पाहा. पेट्रोल आणि स्पार्क बंद ठेवून स्टार्टरने थोड्या थोड्या वेळाने फिरवा, तेल वर चढू द्या. मगच सुरू करा. पहिले काही सेकंद टिकटिक येईल, तेल भरलं की थांबते. १००० ते १५०० किमीला तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून पाहा.

नंतरची सवय

तेल: मर्सिडीजच्या एमबी २२९.५ मान्यतेचं ०डब्ल्यू-४०, सी ६३ साठी फिल्टरसह साधारण ८.५ लिटर. डब्यावर मान्यतेचा आकडा छापलेला हवा, ‘सिंथेटिक’ एवढं पुरत नाही. दर ७-८ हजार किमीला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. दर हजार किमीला डिपस्टिक पाहा.

८.५ लिटर तेल तापायला कुलंटपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. कुलंटचा काटा मध्यावर आला म्हणून पाय दाबणारे लोक कॅमशाफ्ट खर्ची घालतात. एएमजी मेनूत तेलाचं तापमान दिसतं. ते ८० अंशांपर्यंत जाईपर्यंत ४००० आरपीएमच्या खाली राहा. पार्किंगमध्येच सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवण्यापेक्षा अर्ध्या मिनिटात हळू निघालेलं चांगलं. आणि आठवड्यातून एकदा निदान पाऊण तास सलग चालवा, म्हणजे तेलातलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. फक्त रविवारी सोसायटीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येणारी गाडी आतून लवकर म्हातारी होते.

कुलंट एमबी ३२५.० मान्यतेचं, डीमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं. बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी घालू नका. गंजाने तडकणाऱ्या बोल्टच्या इंजिनात तर मुळीच नाही.

पेट्रोल ९८ ऑक्टेनचं अपेक्षित आहे. ९५ वर नॉक सेन्सर स्पार्क मागे घेऊन इंजिन सांभाळतो, पण ताकद घटते. मुंबई-पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल ठरावीक पंपांवर मिळतं, ते वापरा. इथेनॉलचा मुद्दा वेगळा आहे. या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंत चालतं आणि आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं, म्हणून महिनाभर उभी राहणारी गाडी अशा पेट्रोलवर अर्ध्या टाकीने सोडू नका.

एअर फिल्टर दोन आहेत, दोन्ही एकत्र बदला. रस्त्याची कामं सुरू असलेल्या शहरात कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यावर. तेल लावून वापरायचे स्पोर्ट फिल्टर आवाज वाढवतात आणि बारीक धूळ जास्त सोडतात. सिलिंडरवरचा तो फवारलेला थर आठवा आणि कागदी फिल्टरच ठेवा.

किंमत ठरवताना हे सगळं कागदावर उतरवा. ०६०६५८ च्या आधीचं इंजिन, बिलाचा पुरावा नाही: वीस बोल्ट, बत्तीस टॅपेट, गॅस्केट संच, मजुरी आणि परदेशातून भाग येईपर्यंतचा काळ, एवढं किमतीतून वजा झालं पाहिजे. विक्रेता त्यावर ‘अजून तर काही झालं नाही ना’ म्हणाला, तर पुढची गाडी पाहा.